पेलुसाचे केस गेले कुठे?

"माझं शेवाळ कोण चोरतंय? आत्ताच्या आत्ता सांगा!" ओफेलियामामी कडाडली आणि पिन्यातावर, म्हणजे नाताळात फोडायच्या खाऊच्या मडक्यावर, रंगीत कागद चिकटवणारी तीन डोकी एकदम वर झाली.

नाताळच्या सुट्टीत रेनाता आणि तिचा धाकटा भाऊ नाहुम आत्लिस्को गावी मामाकडे आले होते. मामेबहीण चायो जोडीला होतीच. मामीने दरवर्षीसारखा खोलीचा अख्खा कोपरा अडवून येशूजन्माचा देखावा मांडला होता. कागदाचे डोंगर, आरशाचं तळं, मातीचे मेंढपाळ आणि सगळीकडे हिरवंगार शेवाळ! गव्हाणी मात्र रिकामी होती. बाळ येशूला तिच्यात उद्या रात्री निजवायचं होतं. पण डोंगरावरचं शेवाळच रोज थोडं थोडं गायब होत होतं.

"आम्ही नाही हं, मामी!" नाहुम म्हणाला.

"मग काय, शेवाळाला पाय फुटले?"

एवढ्यात अंगणातून एवारिस्तोमामाचा आवाज आला. "खरूज! पेलुसाला खरूज झालीय!"

पेलुसा म्हणजे चायोच्या दोन सशिणींपैकी पांढरीशुभ्र. तिची छाती आणि पोट पार उघडं पडलं होतं! जनावरांच्या डॉक्टरीणबाई सुट्टीवर गेलेल्या. मामाला मात्र डॉक्टरची गरज कधीच वाटत नसे. तो गाड्या दुरुस्त करायचा आणि इंजिनातून काढलेलं काळं, जळकं तेल म्हणजे त्याच्या मते रामबाण औषध!

"माझ्या आजोबांनी कुत्री, गाढवं, डुकरं, सगळी याच तेलानं बरी केली. हातातलं काम उरकतो आणि डबा घेऊन येतो."

"बाबा, नको! ती अंग चाटते. तेल पोटात जाऊन मरेल ती!" चायोला रडूच फुटलं.

"एवढं गुणकारी तेल आहे, तर तुझ्या टकलाला का नाही लावत, मामा?" नाहुमने विचारलं.

"गप रे, चोंबड्या!" म्हणत मामा निघून गेला.

रेनाताच्या घरच्या सशाला मागे खरूज झाली होती, तेव्हा डॉक्टरांनी काय काय तपासलं ते तिने पाहिलं होतं. तिने मामीचा काळा एप्रन अंथरला, पेलुसाला त्यावर बसवलं आणि हळूच कंगवा फिरवला.

"कोंडा नाही. मानेमागे, कानांत खपल्या नाहीत. कातडी बघ कशी गुलाबी, स्वच्छ आहे! ती खाजवतही नाही. केस गेलेत ते तिचं तोंड पोचतं तिथलेच."

"म्हणजे तिने स्वतःच उपटले?" चायोने डोळे पुसले. "अगं, पण पिंजऱ्यात तर एक केस नाही! गेले कुठे?"

"तू तिला मोकळं कुठे सोडतेस?"

"दुपारी... घरात!"

झालं! शोध सुरू! पलंगाखाली धूळ, कोचाखाली नाहुमचा हरवलेला मोजा. मग देखाव्यासमोर रेनाता थबकली. मातीच्या मेंढपाळाच्या टोपीवर पांढऱ्या केसांचा एक पुंजका अडकला होता!

"शेवाळचोर आणि केसचोर एकच आहे!" ती ओरडली. "पेलुसाला आणा!"

पण अंगणात मामा तेलाचा डबा घेऊन हजर! "कुठाय ती रोगट?"

नाहुम गुपचूप सटकला. पुढच्याच क्षणी मामाच्या दुरुस्तीच्या दुकानातून गाडीचा हॉर्न केकाटला. पों! पों! पों!

"आलो, साहेब, आलो!" म्हणत मामा डबा घेऊनच पळाला.

चायोने पेलुसाला आत आणून जमिनीवर ठेवलं. पेलुसाने देखाव्यातला एक उंट आडवा केला, तळ्यावरून उडी मारली आणि कागदी डोंगरामागे गडप झाली.

"अगंबाई! माझे डोंगर!" मामी किंचाळली.

"दुकानात तर कुणीच नाही! हॉर्न कुणी वाजवला?" मामाही धापा टाकत आला.

रेनाताने डोंगराचा कागद अलगद उचलला. आत शेवाळाचं खोलगट घरटं होतं आणि त्यावर पांढऱ्या मऊ केसांची गादी. ती गादी हलत होती!

"पिल्लं!" तिघं एकदम ओरडली. अंगठ्याएवढी, उघडीनागडी, गुलाबी पिल्लं!

"अशक्य!" मामा म्हणाला. "बाजारातून मी दोन्ही माद्याच आणल्या होत्या. चांगल्या पारखून!"

सगळ्यांनी दारातून अंगणातल्या पिंजऱ्यात दुसऱ्या 'मादी'कडे पाहिलं. कानेला शांतपणे गाजराचा पाला चघळत होती.

"अभिनंदन, कानेला! बाबा झालीस!" नाहुमने सलाम ठोकला आणि मामीला हसू आवरेना.

"पिल्लांना थंडी वाजू नये म्हणून तिने स्वतःचे केस उपटले, मामा," रेनाता म्हणाली. "ते तेल लावलं असतंस तर..."

मामाचा चेहरा पडला. त्याने डबा दाराबाहेर नेऊन ठेवला. "माझ्या हातून केवढं पाप घडणार होतं! शाब्बास, पोरांनो. मोठा असून मी डोळे मिटून बसलो होतो. तुम्ही नीट बघितलंत."

"आता देखाव्याला कुणी हात लावायचा नाही!" मामीने हुकूम सोडला. "फेब्रुवारीत कान्देलारियाचा सण होईपर्यंत तो हलणार नाही. आणि यंदा माझ्याकडे बाळ येशूच्या आधीच बाळं आली!"

मामाने रेनातापुढे आपलं चकचकीत टक्कल वाकवलं. "डॉक्टरीणबाई, आता हेही तपासा."

रेनाताने गंभीर चेहऱ्याने बोट फिरवलं. "खपल्या नाहीत. कातडी गुलाबी, स्वच्छ. खरूज नाही."

"मग माझे केस गेले कुठे?"

रेनाताने चायोकडे पाहिलं. "तुझ्या पिल्लाच्या घरट्याला लागले असतील, मामा."

चायोने धावत येऊन त्याच्या गळ्यात हात टाकले आणि टकलाचा मोठ्ठा पापा घेतला.