पाव नंबर

त्या सोमवारी दवाखान्याच्या बाकांवर नऊ पेशंट होते. पाच मोतीबिंदूचे, दोन चष्म्याचा नंबर काढायला आलेले, एकाच्या डोळ्यात गव्हाचं कुसळ गेलेलं. नववा पिवळा होता.

कावीळ नव्हे. नखं पिवळी, कॉलरची आतली बाजू पिवळी, डाव्या कानाच्या पाळीवर एक पिवळा ठिपका. मार्चमध्ये हिंगोलीत हळदीनं माखलेली माणसं काही कमी नसतात. पण हा माणूस भिंतीवरचं लेसर ऑपरेशनचं पत्रक इतकं जवळून वाचत होता, की नाकाचा पिवळा ठसा कागदावर उमटला.

"ह्यो भाव पक्का हाय का?" त्यानं मागं न बघताच विचारलं.

भाव समजावून सांगणं माझंच काम. मी बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घेतलं, मग नेत्रतपासणीचा कोर्स केला आणि गेली दोन वर्षं या दवाखान्यात डोळ्यांचे नंबर काढते. लेसरचं ऑपरेशन नांदेडला होतं. पहिल्या तपासण्या आणि खर्चाचा हिशोब इथं.

त्याचं नाव धम्मानंद, सिद्धेश्वर धरणाजवळच्या एका गावचा. हळद शिजवायचा चार ड्रमांचा बॉयलर होता त्याचा. ट्रॅक्टरला जोडून हंगामभर शेतोशेती फिरायचा. चष्मा लावला की वाफेनं काचा आंधळ्या व्हायच्या. मागच्या वर्षी चष्मा पुसता पुसता हात तापलेल्या नळीवर पडला होता. मनगटावर चार सेंटिमीटरचा व्रण होता. तेव्हापासून तो डोळ्यांत लेन्स घालायचा. वाफेत आणि धुळीत लेन्स म्हणजे एखाद्या दिवशी डोळाच जायचा, असं डॉक्टरांनी त्याला दोनदा बजावलं होतं.

मी कोरा कागद घेतला. पत्रकावरचे पंधरा हजार एका डोळ्याचे, तेही जुन्या पद्धतीचे. त्याच्या जाड नंबरला जी पद्धत लागणार होती, ती दोन्ही डोळ्यांची मिळून अडुसष्ट हजार. आधीच्या तपासण्या, नंतरचे थेंब, नांदेडच्या चकरा धरून चौऱ्याहत्तर.

त्यानं तोडगा काढला, उजवा डोळा आता करतो, डावा पुढच्या हंगामात. घरची हळद तो अशीच दोन हप्त्यांत विकायचा. मी समजावलं, की एक डोळा शून्यावर आणि दुसरा तसाच ठेवला, तर दोन्हींची चित्रं लहान-मोठी दिसतील आणि डोकं वर्षभर दुखत राहील.

"मंग दोन्ही संगंच घेतो. घाऊकात काही सूट?"

"दोनच डोळे आहेत तुमचे. याला घाऊक म्हणत नाहीत."

तो हसला. दारात बादली घेऊन उभ्या असलेल्या रूपाबाई मावशीही हसल्या. फरशी पुसायचं त्यांचं काम त्या दिवशी माझ्याच खोलीत फार रेंगाळलं.

त्याच्याकडं बँकेतून घेतलेली आरोग्य पॉलिसी होती. मी तिचे बारीक अक्षरांचे नियम वाचले. नंबर साडेसात किंवा त्याहून जास्त असेल, तरच कंपनी लेसरचा खर्च देणार होती. त्याखाली एक रुपयाही नाही.

"लेन्स कधीपासून बंद आहेत?" मी विचारलं. लेन्सनं बुबुळ किंचित सुजतं आणि नंबर खोटा येतो. त्यामुळं पंधरा दिवस बंद ठेवून मगच मोजायचं असतं.

"झाले की पंधरा दिवस."

मी दिवा घालवला, समोरचा तक्ता उजळला. काय दिसतंय, असं विचारलं.

"भिंत."

"भिंतीवर?"

"मॅडम, भिंत हाय हे बी अंदाजानं सांगून राहिलो."

मग मी काचा बदलत गेले. सात… सव्वासात… साडेसात. साडेसातला शेवटची ओळ स्वच्छ उमटली, दोन्ही डोळ्यांना. फ्रेममधल्या काचा काढल्या, त्याला आकडा सांगितला आणि राहवलं नाही म्हणून त्यातलं विज्ञानही सांगितलं. इतक्या नंबरच्या माणसाला चष्म्याशिवाय फक्त तेरा सेंटिमीटरपर्यंतचं स्पष्ट दिसतं. त्यापलीकडं सगळं धुकं.

"म्हंजे तुमी मघापासून धुक्यात बसल्या," तो हळूच म्हणाला. "जरा अलीकडं आल्या तर…"

त्याच्या कानांवरची तपासणीची फ्रेम काढायला मला तसंही पुढं व्हावंच लागलं. त्याच्या पापण्यांच्या मुळाशी हळदीची बारीक रेघ होती. तो हलला नाही. मीही थोडी जास्तच सावकाश काढली ती फ्रेम… ते अंतर मी मोजलं नाही.

पुढच्या आठवड्यात तो दोनदा आला. एकदा पॉलिसीची झेरॉक्स द्यायला, एकदा ती बराबर आहे का ते विचारायला. निघताना म्हणाला, रविवारी बघायला या, काहून चष्मा चालत न्हाई ते डोळ्यानं बघा. रूपाबाई मावशींच्या भावाची हळद त्याच दिवशी त्याच्या बॉयलरवर होती. मावशी म्हणाल्या, "चाल पोरी. मला भावाकडं जायचंच हाय, तुला कोणाकडं जायचं ते तू बघ."

शेतात ओल्या हळदीचा कडवट, मातकट वास भरून राहिला होता. झाकण उघडलं की पांढरी वाफ माणसांना गिळून टाकायची आणि थोड्या वेळानं एकेकाला परत द्यायची. धम्मानंद शेवटी बाहेर आला, ओला, पिवळा, हसणारा. माझ्यासाठी त्यानं लिंबाच्या सावलीत खाट टाकून ठेवली होती. पाण्याचा तांब्या माझ्या हातात देता देता त्यानं ट्रॅक्टरजवळच्या पोराला हटकलं, "मीटर वर चाललं, जाळ कमी कर."

मी मीटरकडं पाहिलं. तळहाताएवढी तबकडी, आमच्यापासून वीस पावलांवर. काटा मलाही नीट दिसत नव्हता.

चष्मा त्याच्या डोळ्यांवर नव्हता.

"तुम्ही लेन्स घातल्यात," मी म्हणाले. "बॉयलर रोज चालू आहे ना?"

त्यानं खरं सांगितलं. पंधरा दिवस नव्हे, तपासणीच्या दिवशी सकाळीच काढल्या होत्या. खरं सांगितलं असतं तर मी परत पाठवलं असतं. आणि शेतात खणून ठेवलेली हळद कोणासाठी थांबत नाही. गावागावातून नंबर लागलेले असतात. एकाचा चुकला की त्याचा माल खराब होतो आणि बॉयलरवाल्याचं नाव जातं.

मी तांब्या खाली ठेवला. त्याच्या फायलीत साडेसात लिहिलेलं होतं, खाली माझी सही. मंगळवारी ती कंपनीकडं जायची होती.

मंगळवारी फाईल गेली नाही. ती माझ्या टेबलाच्या खणात होती. मी तो खण त्या दिवशी सहा वेळा उघडला. सूज असली तर पाव नंबरचा फरक पडतो, कधी तोही पडत नाही. कदाचित साडेसात खराच असेल. पाठवली असती तर कोणाला कळलंही नसतं. चौऱ्याहत्तर हजार जमवायला त्याला दोन हंगाम लागले असते आणि ते दोन्ही हंगाम तो वाफेत लेन्स घालूनच उभा राहिला असता. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी माझा हात कागदावर थांबत होता.

बुधवारी तो आला. डोळ्यांवर जुना चष्मा, काचा बाटलीच्या बुडासारख्या जाड. त्यामागं त्याचे डोळे लहानखुरे झाले होते.

"फाईल गेली का?"

"नाही."

"पाठवू नका," तो म्हणाला. "खोटं मी बोललो अन् सही तुमची. हे बराबर न्हाई."

बॉयलर त्यानं चुलतभावाच्या, विश्वंभरच्या हाती दिला होता, निम्म्या वाट्यावर. नंबर लावलेल्या कोणाचीच हळद अडली नव्हती. अडली होती ती त्याची निम्मी कमाई, ऐन हंगामात. पंधरा दिवस लेन्सला हात लावणार नव्हता, मग पुन्हा मोजायचं. आकडा कमी निघाला तर? मी विचारलं. निघू द्या, म्हणाला.

मी जुना कागद फाडला. चार तुकडे केले.

त्या पंधरा दिवसांत तो विश्वंभरसाठी डिझेल न्यायला हिंगोलीला यायचा आणि दवाखाना बंद व्हायच्या वेळी फाटकाशी उभा असायचा. आम्ही बस स्टँडपर्यंत चालत जायचो. तो मला हळदीच्या वासावरून ती किती शिजली ते कसं ओळखायचं ते शिकवायचा, मी त्याला चष्म्याच्या काचांमागं डोळे लहान का दिसतात ते सांगायची. "म्हंजे खरे डोळे मोठे हायेत माझे," तो समाधानानं म्हणायचा. मी हो म्हणायची. मी पाहिले होते ते, अगदी जवळून.

शेवटच्या संध्याकाळी तो स्टँडच्या दारात आल्यावर थांबला.

"रूपामावशी सांगून राहिल्या, तुमच्या घरी पोरं बघणं चालू हाय म्हणून."

"व्हय," मी म्हणाले. हा शब्द मी त्याच्याकडूनच उचलला होता. घरी आई ऐकून चकित व्हायची.

"उद्या साडेसात निघाला… तर मे महिन्यात आमच्या घरची माणसं पाठवतो तुमच्याकडं. न्हाई निघाला, तर आधी डोळ्याचे पैसे. लेन्स घालून संसाराला लागणं बरं न्हाई, कधी काय होईल… दोन हंगाम लागतील. तेवढं थांबा, असं मी कोणत्या तोंडानं सांगू?"

तो चष्मा काढून पुसू लागला. माझ्याकडं बघायचं नव्हतं त्याला. चष्म्याशिवाय तर मी दिसतच नव्हते. मी एक पाऊल पुढं झाले. मग अजून अर्धं.

"दोन डोळ्यांचा खर्च एकट्या माणसानं का करायचा?" मी म्हणाले. "मलाही पगार आहे. एक डोळा तुमचा, एक माझा. दोन हंगामांचं काम एका हंगामात होईल. आणि तोवर वाफेत झाकण विश्वंभर उघडेल, तुम्ही चष्मा लावून लांबून मीटर बघायचं. लेन्सची डबी आजच माझ्याकडं द्या."

त्यानं खिशातून डबी काढून माझ्या तळहातावर ठेवली. बोटं तिथंच राहिली, थोडा वेळ.

"अन् घरची माणसं?"

"मे महिन्यात पाठवा. आकडा काहीही निघो."

"पक्कं?"

"पक्कं. घाऊक."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मी दिवा घालवला आणि तक्ता उजळवला. मावशी बादलीशिवायच दारात उभ्या होत्या. मी एकेक काच बदलत गेले, सावकाश, कुठलीही न गाळता. दोन्ही डोळे दोनदा तपासले आणि नव्या कागदावर नीट अक्षरात लिहिलं.

उजवा डोळा : उणे ७.२५. डावा डोळा : उणे ७.२५.