वायराच्या तोंडाचं रक्त

गवतावर मेलेली कोकरं सहा. गळ्यावर चावे साहींच्या. पोट खाल्लेलं एकाचंच. राखणीचा पांढरा कुत्रा एक, वायरा, तोंडाला रक्त. बंदूक एक, ब्युरेलच्या हातात.

"बाजूला हो, व्हर्ना," मेंढ्यांचा मालक ब्युरेल म्हणाला. "रक्ताची चटक लागलेला कुत्रा मी ठेवत नाही."

"आधी सोलून तर बघू दे."

व्हर्ना वायोमिंगची सरकारी सापळेवाली. कोल्हे-लांडग्यांचा बंदोबस्त तिचं काम. ती सुरी घेऊन बसली. सोबत आलेला शेरीफचा शिपाई हॉलिस नाक दाबून लांब टेकला. कुत्र्याने जाऊन त्याच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"खुनी लाडिक आहे," हॉलिस म्हणाला आणि त्याच्या केसांतल्या पाइनच्या सुया काढू लागला.

व्हर्नाने मान वर केली. कुरणात नुसती झुडपं होती. पाइन होते ते वरच्या कड्यावर.

पेरूहून आलेला मेंढपाळ एलेउतेरिओ टोपी चुरगाळत उभा होता.

"रात्री कुठे होतास?"

"तंबूत, बाई."

"आणि वायरा?"

"मेंढ्यांत."

"घरी कोण असतं?"

"मुलगी. निघालो तेव्हा रांगत होती. आता फोनवर गाणी म्हणते."

"नशीबवान आहेस," हॉलिस म्हणाला. "माझा फोन इथे आल्यापासून मेलाय, रेंजच नाही."

व्हर्नाने मोजपट्टी पुसली.

"कातड्याखाली रक्त साकळलंय. म्हणजे चावे जिवंतपणीचे. सुळ्यांमधलं अंतर तीस मिलिमीटर. वायराचं पंचेचाळीस. मारली ती कोल्ह्याने. याने नंतर चाटली."

"मग हा काय करत होता?" ब्युरेलने विचारलं.

"कड्यावर होता. सुया तिथल्या, आणि फोनही तिथेच लागतो. एलेउतेरिओ मुलीशी बोलायला चढला, हा मागोमाग. राखणीचा कुत्रा पिल्लू असल्यापासून मेंढ्यांत वाढवतात, माणसाची सवय लागू देत नाहीत. याने तर परक्याच्या मांडीवर डोकं ठेवलं. याला कुणीतरी लाडावलंय."

"थंडीत पायाशी झोपायचा," एलेउतेरिओ हळूच म्हणाला. "बोलायला दुसरं कोण आहे, मालक?"

ब्युरेलने बंदूक खाली केली. "कुत्रा जगेल. पण हात लावायचा नाही, हाक मारायची नाही. खाणं मेंढ्यांत ठेवायचं. रविवारी तू फोनला जा, मी थांबेन इथे."

"जवळ आला तर?"

"हाकलायचा. नाहीतर माझी बंदूक आहेच."

तीन आठवड्यांनी व्हर्ना सापळे तपासायला आली. एलेउतेरिओ तंबूच्या दारात दोन्ही हात खिशात घालून बसला होता. वायरा मेंढ्यांमध्ये होता, तोंड तंबूकडे.

तिने तंबूपाशी उभं राहून अंतर मोजायच्या दुर्बिणीतून कुत्र्यापर्यंतचं अंतर घेतलं. दोनशे दहा मीटर.