चर्चच्या भिंतीला महाल

परदेशातल्या शहरात, आर्मेनियन चर्चच्या पांढऱ्या खांबांशी बसून ऋता चित्र काढत होती. तोच तिरका पाऊस आत घुसला आणि तिचा कागद पार भिजला.

"गेलं सगळं बोंबलत!" ती पुटपुटली.

"पुण्याच्या का?" मागून मराठीतच आवाज आला.

तिनं चमकून पाहिलं. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, निथळणारे केस आणि पुढे केलेला घडीचा रुमाल... तो धैर्यशील. जवळच्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर होता. जेवणाच्या सुट्टीत थोडी शांतता मिळावी म्हणून इथे येऊन बसायचा.

पाऊस ओसरेपर्यंत ऋतानं त्याला आपलं काम सांगितलं. ती युनिव्हर्सिटीत जुन्या शहरांवर संशोधन करत होती.

"इटलीत जिनोआ आहे ना, तिथे सरदारांचे महाल आणि चर्च अगदी खेटून उभे आहेत. महाल बांधणारं घराणंच शेजारी चर्च बांधायचं. इथे बघा, चर्चभोवती नुसती बाग. जिनोआच्या त्या दाटीत माणसं कशी राहत असतील, ते मला शोधायचंय."

"म्हणजे घरात भांडण झालं, की देवाला लगेच ऐकू जाणार?"

"म्हणून हळू आवाजात भांडत असतील!"

तो हसला — फार दिवसांनी हसल्यासारखा.

रुमाल परत करायला ती पुढच्या गुरुवारी आली. मग दर गुरुवारी. चार महिन्यांत 'तुम्ही'चं 'तू' झालं. तोआ पायोह भागातल्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गजबजाटात, तो तिच्या नूडल्समधल्या मिरच्या न सांगता वेचून काढायचा, आणि ती... ती बुधवारपासूनच गुरुवारची वाट पाहायची.

अशात जिनोआहून दोन वर्षांची फेलोशिप आली.

"नाही म्हणू का?" तिनं विचारलं.

त्याचा चेहरा उतरला. "माझं लग्न झालं होतं, ऋता. मीनल वकील होती. माझ्यामागे इथे आली आणि तीन वर्षं इथल्याच बिशान भागातल्या फ्लॅटमध्ये नुसती बसून राहिली. शेवटी परत गेली. चूक तिची नव्हती. तिला काय सोडावं लागतंय, हे मी कधी विचारलंच नाही... तू जा."

"आणि तू?"

तो उठून ऑफिसकडे चालू लागला. ऋता रडली नाही. त्याच संध्याकाळी तिनं होकार कळवला.

पुढचे दोन गुरुवार तो आला नाही. ती पायऱ्यांवर एकटीच बसायची, पेन्सिल हातात धरून, कागद कोराच.

तिसऱ्या गुरुवारी तो आला. शेजारी बसला.

"राजीनामा दिला."

"वेडा आहेस का?"

"असेन. तिथे नोकरी मिळेल की नाही, माहीत नाही. भाषा येत नाही. स्वयंपाक बरा करतो... या दोन आठवड्यांत कळलं, तू नसलीस की दिवस ढळतच नाही. माझ्याशी लग्न करशील? मी येऊ तुझ्याबरोबर?"

ऋताचे डोळे भरून आले. "आई विचारेल, मुलगा काय करतो?"

"सांग, पोळ्या."

ती रडता रडता हसली. मग गंभीर झाली. "तिथे तुझा जीव रमला नाही, तर मनात ठेवायचं नाही. पहिल्याच दिवशी मला सांगायचं. कबूल?"

"कबूल."

तिनं त्याचा हात हातात घेतला. जेवणाची सुट्टी कधीच संपली होती. दोघंही उठले नाहीत.