पूल कोण फिरवतंय?

"दाब ना! उजवीकडे दाब!" ढोलू ओरडला. त्याच्या डोळ्यांवर पुठ्ठ्याचा व्हीआर चष्मा होता, चष्म्यात भावाचा जुना फोन होता आणि फोनमधलं अंतराळयान काही केल्या जागचं हलत नव्हतं!

"दाबतेय रे!" मुंगीने वैतागून कंट्रोलरची दांडी गरागरा फिरवली.

तेवढ्यात खालून धप्प असा आवाज आला आणि कुणीतरी कळवळलं.

मुंगी, ढोलू आणि शेजारी बसलेला प्रोफेसर, तिघं धडाधड जिना उतरली. मुंगी सुट्टीत मामाकडे आली होती आणि खाली मामाचा व्यायामोपचाराचा दवाखाना होता. आजारपणानंतर तोल सावरता येईना म्हणून घड्याळवाले आजोबा तिथे रोज यायचे आणि मामाचा फोन बसवलेला तसाच चष्मा लावून खोट्या पुलावर चालायचा सराव करायचे. पूल पुढे सरकवायचा कंट्रोलर मामाकडे काम करणाऱ्या ताईच्या हातात असे. आज आजोबा मनगट धरून गादीवर बसले होते.

"पूल गरकन फिरला हो!"

"पुन्हा तेच!" मामा ताईवर कडाडला. "झटका देऊ नकोस म्हणून किती वेळा सांगायचं?"

"सर, मी दांडीला बोटसुद्धा लावलं नव्हतं!"

"मग काय भुताने फिरवला? संध्याकाळी सामान आवर. उद्यापासून येऊ नकोस."

तिघं वर आली. "ताई खोटं बोलणार नाही," प्रोफेसर म्हणाला. हा मामाचा मुलगा. याच्या जिभेवर कायम व्याख्यान तयार! "यात काहीतरी काळंबेरं आहे. तपास करायचा!"

मुंगीची नजर कंट्रोलरवर गेली. त्याचा निळा दिवा स्थिर जळत होता. कशाशीच जोडलेला नसता, तर तो लुकलुकला असता. मग हा जोडलाय कुणाशी? ढोलूच्या फोनशी तर नक्कीच नाही! मामाने नवा कंट्रोलर आणला आणि हा जुना खणात टाकून दिला. तिथून तो न विचारता उचलला होता तिनेच. म्हणजे इतके दिवस आपण यान नाही, आजोबांचा पूल फिरवत होतो!

तिने दिवा बंद केला, कंट्रोलर उशीखाली सारला आणि तोंडही मिटून घेतलं.

दुपारभर ते दोघे तर्क लढवत होते आणि मुंगी नुसती मान डोलवत होती. जेवतानाही तिने ताट तसंच सारलं. "ऊन लागलं का गं?" म्हणत मामीने कपाळाला हात लावला, तेव्हा तर तिला रडूच फुटलं.

संध्याकाळी ती पाणी प्यायला खाली गेली. ताई पिशवी भरत होती.

"मुंगे, आजोबांना सांग हं, बोटांचे व्यायाम चुकवू नका म्हणावं. तुझं ऐकतील ते."

स्वतःची नोकरी गेली आणि हिला काळजी आजोबांच्या बोटांची! मुंगीला स्वतःची भयंकर लाज वाटली. ती धावत वर गेली आणि तिने कंट्रोलर दोघांसमोर धरला. "तपास संपला. पूल मी फिरवत होते."

ढोलूने आ वासला. "आणि आत्ता सांगतेस?"

"मामा घरी पाठवून देईल असं वाटलं."

"नुसतं सांगून बाबांना पटायचं नाही," प्रोफेसर म्हणाला. "त्यांची यंत्रं कधी चुकतच नाहीत ना! दाखवायलाच हवं."

ते दोघे खाली गेले तेव्हा मनगटाची पट्टी दाखवायला आजोबा पुन्हा आले होते. ताई पिशवी घेऊन दारात उभी होती. "मामा, पुलावर कसं चालायचं ते तुमच्याइतकं छान कुणीच दाखवत नाही!" ढोलू लाडात आला. मामाची कळी खुलली.

"खुर्चीत बसूनच हं बाबा!" प्रोफेसरने बजावलं. नवा कंट्रोलर टेबलावर, सगळ्यांच्या नजरेसमोर होता. मामाने चष्मा चढवला. प्रोफेसर मोठ्याने खोकला आणि वर मुंगीने दांडी जराशी वळवली.

"अरे अरे अरे! पडलो! ताई, ठेव तो कंट्रोलर!"

"सर, माझ्या दोन्ही हातांत पिशवी आहे."

मामाने चष्मा ओढून काढला. जिन्यावर मुंगी उभी होती, हातात जुना कंट्रोलर घेऊन. "मामा, हा मी विचारल्याशिवाय घेतला. अजून तुझ्याच फोनशी जोडलेला आहे."

मामाचा चेहरा खर्रकन उतरला. "जुन्याची जोडणी फोनमधून काढायला मीच विसरलो," तो ताईला म्हणाला, "आणि वर तुझ्यावरच ओरडलो. चुकलो मी. उद्या येशील ना?"

"येईन, सर."

"शाबास पोरांनो! काय डोकं लढवलंत!" आजोबा म्हणाले. आवाज ऐकून आलेल्या मामीनेही मुंगीची पाठ थोपटली. मुंगीला मात्र ती शाबासकी टोचत होती.

"मला सकाळीच कळलं होतं," ती म्हणाली. "ताई सामान आवरत होती, तरी मी गप्प बसले."

ताईने पिशवी खाली ठेवली.

"सकाळी सांगितलं असतंस, तर मी दिवसभर रडले नसते गं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता आणि त्यानेच मुंगीचे डोळे भरून आले. "उद्या आजोबांना पुन्हा पुलावर न्यायचंय. शेजारी धरायला कुणीतरी लागेल."

आजोबांनी आपल्या सुजलेल्या मनगटाकडे पाहिलं, मग मुंगीकडे पाहिलं.

"येऊ दे हिला," ते म्हणाले. "पण हात सोडायचा नाही, काय?"

"नाही सोडणार," मुंगी म्हणाली आणि तिने त्यांचा दुसरा हात आत्ताच घट्ट धरला.