जहाजाच्या पोटात बसलेले

कुणी हसा, कुणी नाकं मुरडा. सातासमुद्रापलीकडच्या हॅलिफॅक्सच्या बंदरावर, मागच्या नोव्हेंबरातल्या एका धुकट शनिवारी, भर दुपारी हे घडलंय. जसं घडलं तसंच सांगायचं आहे.

आमची ईशिता मूळची नागपूरची. हॅलिफॅक्सला एका सर्व्हे कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होती. वादळाने किनाऱ्यावरची वाळू उपसली आणि खालून एका जुन्या डॅनिश व्यापारी जहाजाचा सांगाडा निघाला. त्याच्या लाकडी फासळ्या बंदरावरच्या शेडमध्ये पुन्हा उभ्या केल्या होत्या. ईशिताने त्यांचा लेझर स्कॅन करायचा आणि मूळची बांधणी कशी होती ते दाखवणारं ड्रॉइंग म्युझियमला द्यायचं. सोमवारी दिलं नाही तर कॉन्ट्रॅक्ट गेलंच.

तिने स्कॅनर जहाजाच्या पोटात ठेवला, सुरू केला आणि बाहेर येऊन शेडचं दार लावून घेतलं.

आत कुणीही नव्हतं.

मग लॅपटॉपवर चित्र उघडलं...

फासळ्यांवर काळी भोकं!

स्कॅनरसमोर कुणी आलं की त्याच्यामागचं लाकूड टिपलं जात नाही. तिथे त्या माणसाच्या आकाराची रिकामी जागा उरते. इथे डोकी होती. खांदे होते. पोटाशी घेतलेले गुडघे होते. ओळीने बसलेली माणसं... आणि बसली होती कुठे, तर जमिनीपासून कंबरभर उंच. हवेत.

प्रत्यक्षात माणसं मात्र कुठेच नव्हती.

तिने बॉसला फोन लावला. सॅम मूळचा रेवदंड्याचा, बेने इस्राएल ज्यू. ऑफिसात सगळ्यांशी इंग्रजी, हिच्याशी भांडायला मात्र मराठी.

"अगं बाई, भोकं पडली तर फिल करून बुजव! सॉफ्टवेअरला ते बटण कशाला दिलंय?"

"सॅम, माणसं बसलीत तिथे."

"आपल्याकडच्या तरंगमबाडीच्या डॅनिश वखारीतून कापड आणि मिरी घेऊन निघालेलं जहाज आहे ते. म्युझियमचा बोर्डसुद्धा छापून झालाय. तू ती कानात लावलेली कीर्तनं बंद कर आणि जरा चहा घे."

"कीर्तनाला नावं ठेवायची नाहीत हं!"

फोन ठेवला आणि ती पुन्हा आत गेली. एकटी.

दार बंद होतं, तरी जहाजाच्या पोटात धुकं शिरलेलं...

कुणीतरी खोकला दाबला.

ईशिता थबकली. मोबाइलचा उजेड फासळ्यांवर धरला. जिथे ती माणसं दिसली होती बरोब्बर त्याखाली, प्रत्येक फासळीत खोल खाच होती. तुळया बसवायची. म्हणजे इथे फळ्यांचा माळा होता! वर डोकं टेकेल एवढीच जागा. आणि खाचांच्या वर... गंजलेल्या लोखंडी कड्या. बेड्या अडकवायच्या.

मागून श्वास ऐकू आला. एकाचा नव्हे.

ती दाराकडे वळली. पण कीर्तनं ऐकत वाढलेली पोर ती! पळाली नाही. तिथेच मांडी घालून बसली.

"मी हलत नाही," ती मोठ्याने म्हणाली. "तुम्हीही हलू नका. तुम्हाला कोण पुसून टाकतो तेच बघते!"

आणि तिने खणखणीत नामाचा गजर धरला. रामकृष्णहरी! एकदाही ताल सोडला नाही.

थोड्या वेळाने...

टाळी पडली.

अगदी हलकी. मग तिच्या शेजारून आणखी एक. मग ओळभर. त्यांची भाषा निराळी असेल, देवही निराळा असेल. ताल मात्र चुकला नाही.

सोमवारी सॅम शेडवर आला.

"फिल केलंस?"

"नाही. कीर्तनाला बसलेल्याला कुणी ऊठ म्हणत नाही."

"कॉन्ट्रॅक्ट जाईल, वेडे!"

"जाऊ दे. माळा दाखवलाय, कड्या दाखवल्यात, भोकं आहेत तशी ठेवलीत. मिरीला कड्या लागत नाहीत, सॅम."

सॅमने एका खाचेत हात घातला. मग वरची कडी ओढून पाहिली.

"पाठव," तो म्हणाला. "माझंही नाव घाल."

म्युझियमला ते रुचलं नाही, कॉन्ट्रॅक्ट गेलं. ड्रॉइंग मात्र गेलं ते भोकांसकट.

निघण्याआधी ईशिताने एक शेवटचा स्कॅन घेतला. ओळ जिथल्या तिथे होती. फक्त दाराजवळची एक जागा...

तिथे भोक नव्हतं. मागची फासळी लख्ख दिसत होती.

तिथलं कुणीतरी उठलं होतं.

अजूनही राहत्या बिल्डिंगमध्ये शिरताना ईशिता मागून येणाऱ्यासाठी दार क्षणभर धरून ठेवते. मागे कुणी नसतं.

निदान दिसत तरी नाही...