बोरदऱ्याची नाव

खाट इकडे सरकवा, भिंतीजवळ. अठी जरासक वारा लागते. हां. आता ऐका, अन् मधात कोणी बोलू नका.

हे माझ्यावर बेतलं नाही. बेतलं ते अन्सारभाईवर. अमरावतीले इर्विन चौकाच्या मागं माझं मोटार वायंडिंगचं दुकान होतं, अन् भिंतीले भिंत लावून त्याचं फ्रिज-एसीचं. वीस वर्षं आमी एका डब्यात जेवलो. माणूस असा, का गिऱ्हाइकाच्या फ्रिजचा एक स्क्रू हरवला तरी सांगून देईन. त्यानं मले हे एकदाच सांगतलं. पुन्हा विचारलं तं उठून जाय.

दोन हजार सहाचा मे महिना. तव्हा आपल्या जिल्ह्यात आठ-आठ दिवसाले कमिटी येत होती. कधी मुंबईची, कधी दिल्लीची. शेतकरी काहून जीव देऊन राहिले ते पाहाले. येत, पाहत, चहा पीत, जात. अशीच एक कमिटी रविवारी, एकवीस तारखेले, खैरदरीच्या धरणावर येणार होती. नावेत बसून बोरदरा गाव पाहणार होती.

बोरदरा म्हणजे धरणाच्या पलीकडचं गाव. धरण झालं तव्हा त्याचा रस्ता पाण्यात गेला. इकडच्या दवाखान्यात याचं तं पाण्यातून वीस मिनिटं, रस्त्यानं फिरून अडतीस किलोमीटर. चार वर्षं लोकं तहसीलीसमोर बसले, तव्हा कोठी एक नाव भेटली. जुनीच. समुद्राकडं कोण्या शेठनं वापरून टाकेल. बावीस फुटाची, फायबरची, मधात काचेच्या खिडक्याची केबिन. ट्रकवर लादून आणली. केबिनमधी एका बाजूनं लांब बाकडं होतं, त्याच्यावर पेशंट झोपवत. मोतीराम भोई नाव चालवे. दोन वर्षात अकरा बाया त्या बाकड्यावर झोपून आल्या अन् लेकरू घेऊन वापस गेल्या.

आता कमिटीतल्या मोठ्या साहेबाले म्हणे उकाडा सहन होत नाही. म्हणून त्या नावेत एसी बसवाचा हुकूम निघाला. हासू नका. इकडच्या दवाखान्यात पंखा नव्हता, अन् नावेत एसी.

नावेच्या देखभालीचा ठेका गजेंद्र नावाच्या माणसाकडं होता. त्यानं अन्सारले फोन केला. एक टनाचा विंडो एसी, एक छोटा जनरेटर, तीन दिवसाचं काम. अन्सारनं हो म्हटलं. नाही म्हणाचं कारणही नव्हतं. काम ते काम.

बुधवारी नाव काठावर ओढून लाकडाच्या ठोकळ्यायवर चढवली. गुरुवारी सकाळी अन्सार पोचला. पाह्यलं तं एसी वर बसवता येत नव्हता, वजनानं नाव डोलली असती. खालीच बसवा लागन. अन् खाली तं बाकडं.

"काढून टाक," गजेंद्र म्हणे. "तठी सोफा येणार हाय."

मोतीराम जवळच उभा होता. म्हणे, "भाऊ, मंग पेशंट कोठी झोपवाचा?"

"दोन-चार दिवसात कोणी मरून नाही राहिलं तुह्या गावात."

अन्सारनं बाकडं काढलं. आपल्या हातानं. मागच्या भिंतीले चौकट कापली, एसी बसवला, चहूबाजूनं सिलिकॉन भरलं. गजेंद्रनं नावेले बाहेरून पांढरा रंग मारून घेतला.

संध्याकाळी सातच्या सुमारास वावटळ उठली. पाणी काळंभोर झालं, लाटा काठावर आपटाले लागल्या. अन् पलीकडून टॉर्च हलाले लागला. वर-खाली, वर-खाली. वाऱ्यातून आवाज येत होता. "नाव आणा होऽऽ... नाव आणा..."

मोतीराम म्हणे, "जयवंता असन. दिवस भरले तिचे. पहिलटकरीण हाय." तो पळत गजेंद्रपाशी गेला. "भाऊ, चावी द्या. आठ माणसं जमवतो, नाव ढकलतो पाण्यात."

"रंग ओला हाय न बे."

"रंगाले काय करता भाऊ! पोरगी हाय तठी."

"तुहा तो छोटा डोंगा घेऊन जाय."

"ह्या वाऱ्यात डोंगा उलटा होते. ही नाव जाते. चावी द्या."

गजेंद्रनं चावी शर्टाच्या खिशात टाकली. गाडीत बसला. काचा वर केल्या, अन् अमरावतीले निघून गेला.

आता पुढचं ऐका. हे सांगताना अन्सारनं माझ्याकडं पाह्यलं नाही. मोतीराम त्याच्यापाशी आला. हात जोडले. म्हणे, "मिस्त्री, तुमाले वायरिंग समजते. चावी नसली तरी इंजिन चालू होते न? दोन वायरा जोडाच्या हाय."

होतं. दहा मिनिटाचं काम होतं. अन्सार म्हणे, "दुसऱ्याच्या इंजिनले मी हात कसा लावू बाबा?"

मोतीराम वापस फिरला. डोंगा घेऊन निघाला. वाऱ्यानं दोन खेपा वापस फेकला त्याले. बोरदऱ्यात एकच जीप, ते नांदगाव खंडेश्वरले लग्नात गेलती. टॉर्च रातभर हलत होता. पहाटं चारले बंद झाला.

सकाळी वारा पडला तव्हा मोतीराम पलीकडं गेला, शुक्रवारी दुपारी वापस आला. डोये लाल. म्हणे, "गेली. काठावरच गेली. लेकरू पोटातच राह्यलं." इतकं सांगून तिच्या मातीले निघून गेला.

गजेंद्रले कळलं तं तो काय म्हणे? म्हणे, "रस्ता होता न. रस्त्यानं काहून नाही नेलं?"

अन्सारच्या हातात पाना होता. मले म्हणे, "खुशालराव, तो पाना मी त्याच्या डोक्यात घालाले पाह्यजे होता. मी त्यानं नट कसला." अर्धं काम टाकून अन्सार पळाला असं कोणी म्हणू नये, म्हणून थांबला. आपल्याच तोंडावर थुंकावं वाटे, म्हणे, अन् तरी हात चालूच होते.

शुक्रवार, एकोणीस मे. कृष्ण पक्ष, चांद बारा वाजल्यानंतर उगवणार. वारा बिलकुल नाही. पाणी आरशासारखं. रात्री साडेअकराले काम संपलं. काठावर दोघंच, अन्सार अन् गजेंद्र. धरणाचा चौकीदार दूर, भिंतीच्या त्या टोकाले.

अन्सारनं जनरेटर चालू केला. एसी लागला. गजेंद्र नवीन सोफ्यावर आडवा झाला. "मस्त हाय बे मिस्त्री! दरवाजा लावून घे, थंडी जाते." दरवाजा लागला. थोड्या वेळानं काचेतून दिसे, तोंड उघडं टाकून झोपला होता. काठावर बाई जाऊन वीस तास झाले नव्हते.

अन्सार खाली उभा होता, नावेच्या मागं. एसीची पाठ त्याच्याकडं. बारा वाजून दहा मिनिटं झाले असतीन, जनरेटरचं पेट्रोल संपलं. फट, फट... बंद.

एसी बंद झाला नाही.

अन्सारनं प्लग पाह्यला. मंग प्लग काढला. हातात घेतला.

एसी चालूच.

आता एसीच्या पाठीतून गरम हवा याले पाह्यजे. तुमाले माहीत हाय. ही थंड होती. ओली. चिखलाच्या वासाची. अन् सरळ येत नव्हती. येत होती... थांबत होती... येत होती... मंग मोठी... लांब... अन् थांबली.

अन्सारचे चार लेकरं घरीच झाले. रजियाबी आतल्या खोलीत, तो दाराबाहेर. तो श्वास त्याले वळखता येत होता.

कळा देणाऱ्या बाईचा श्वास होता.

त्यानं मागं पाह्यलं. कोणी नाही. पलीकडं पाह्यलं. अंधार.

पुन्हा श्वास. आता जवळ जवळ. घाईत.

नाव हलली.

जमिनीवर होती नाव. ठोकळ्यायवर. कोरड्या मातीत. ती डोलाले लागली. अलगद. डावीकडं... उजवीकडं... पाण्यात असल्यासारखी.

"गजेंद्रभाऊ," अन्सारनं आवाज देल्ला. पुन्हा देल्ला.

कामासाठी लावेल कंदिलाच्या उजेडात दिसलं, आत गजेंद्र उठून बसला. तो अन्सारकडं पाहत नव्हता. कोपऱ्याकडं पाहत होता. जठी बाकडं होतं, तठी.

मंग तो दरवाज्यावर आला. हँडल ओढलं. अन्सारनं बाहेरून ओढलं. कुलूप नव्हतं. काहीच नव्हतं. दरवाजा उघडला नाही. गजेंद्र काचेवर हात मारत होता. तोंड हलत होतं. आवाज एक नाही. आवाज फक्त त्या श्वासाचा.

ठोकळे सरकले. एक. मंग दुसरा.

नाव पाण्यात गेली.

ढकललं कोणी नाही. इंजिन थंड. चावी आत, त्याच्या खिशात. वारा नाही, लाट नाही. अन् नाव निघाली. सरळ. बोरदऱ्याकडं.

एक दोर होता. बाभळीले बांधेल. तो ताणला, गाठ सुटली, सरसर जाले लागला. अन्सारनं धरला. दोन्ही हातानं. टाचा मातीत रोवल्या. हाताची कातडी निघाली. तरी धरला. नाव थांबली. काठापासून वीस हातावर... थांबली.

श्वासही थांबला.

मंग आतून आवाज आला. बाईचा. थकेल. रागाचा नाही, म्हणे. तेच सगळ्यात वाईट होतं.

"सोड दादा."

...

"मंग?" म्या विचारलं.

अन्सारनं आपले तळवे पाह्यले. वण होते. म्हणे, "लोकं म्हणतात दोर सुटला. सुटला नाही, खुशालराव. मी सोडला."

चांद वर आला तव्हा नाव मधात होती. काचेवर दोन तळवे दिसत होते. लहान होत गेले. मंग दिसले नाही.

तो चौकीदारापर्यंत पळाला. पण रात्री कोणी पाण्यात उतराले तयार होईना. फटफटलं तव्हा मोतीरामाच्या डोंग्यातून गेले. नाव बोरदऱ्याच्या काठावर, चिखलात नाक रोवून उभी. बरोबर तठीच, जठी रातभर टॉर्च हलला होता. दरवाजा सताड उघडा. गजेंद्र सोफ्यावर नव्हता. खाली, कोपऱ्यात, गुडघे पोटाशी घेऊन. जिता होता. सेहेचाळीस डिग्रीचा दिवस निघून राह्यला होता, अन् तो कुडकुडत होता. दात वाजत होते. चावी मुठीत. मूठ उघडता उघडेना. त्यानं काय पाह्यलं ते त्यानं आजपर्यंत कोणाले सांगतलं नाही. जिवंत हाय अजून. मे महिन्यात शाल घेऊन ओट्यावर बसते.

कमिटी आली रविवारी. रस्त्यानं. धरणाच्या भिंतीवर उभे राहून फोटो काढले. बोट करून एकमेकायले पाणी दाखवलं. बोरदऱ्याले कोणी गेलं नाही. पेपरात आलं का पाहणी झाली. झाली असन!

पण नाव वापस नाही गेली. बोरदऱ्याच्या बाया तिच्या भोवताल बसल्या. धरणाचा साहेब दोन जीपा घेऊन आला. जयवंताची सासू पार्वताबाई नावेच्या दारात बसेल. तिनं उठून काही भाषण नाही केलं. फक्त म्हणे, "या साहेब. आत बसून पाहा." साहेबानं एसीकडं पाह्यलं, गजेंद्रचं ऐकेल होतं त्यानं, अन् वापस फिरला. तव्हापासून नाव गावाचीच हाय.

सोमवारी, बावीस तारखेले, अन्सार बाकडं घेऊन डोंग्यातून गेला. कोणी बोलावलं नव्हतं. पार्वताबाई तठीच बसेल.

"बाकडं आणलं काय?"

"आणलं माय."

"मंग लाव."

त्यानं सोफा काढला, एसी काढला, भिंतीचं भोक पत्रा ठोकून बंद केलं. बाकडं आपल्या जागी बसवलं. मंग तिच्या समोर उभा राह्यला. म्हणे, "माय, गुरुवारी ते इंजिन मले चालू करता येत होतं."

पार्वताबाईनं बाकडं हलवून पाह्यलं.

"मोतीरामानं सांगतलं मले," म्हणे.

बस. शिवी नाही, शाप नाही. माफही नाही केलं. अन्सार म्हणे, थोबाडीत मारली असती तं मी घरी जाऊन जेवलो असतो.

तो सामान उचलाले गेला. एसी काठावर ठेवेल होता, तठच्या एका बाभळीच्या खाली. कोणती वायर नाही, काही नाही. दोन दिवसापासून बंद. ऊन असं का पत्र्यावर हात ठेववेना. मागच्या बाजूले पाण्याची नळी असते न बारीक, त्या नळीतून थेंब पडत होता. टप... टप... खाली मातीत वल झालती. मुंग्यायची रांग लागेल.

अन्सार खाली बसला. थेंब बोटावर घेतला.

पांढरा होता. कोमट. त्यानं नाकाजवळ नेला.

दुधाचा वास.