तिसरं वाक्य

ऑक्टोबरातल्या एका दुपारी, वर्गातली जेवणं आटोपल्यावर, जपानमधल्या एका शाळेत पहिलीच्या वर्गाचं दार सरकलं. पांढरी टोपी घातलेला एक माणूस जवळजवळ भरलेलं पातेलं घेऊन आत आला. शाळेच्या स्वयंपाकघरातले ओकुमुरासान.

"हे असंच परत कुणी पाठवलं?"

मिओरीबाईंनी शांतपणे खडू खाली ठेवला.

"आमच्या वर्गात ओरडत नाहीत हं. तीन वाक्यं बोलतात. काय वाटतंय, का वाटतंय, काय हवंय. तिसरं ज्याचं त्यानंच बोलायचं, कुणी सुचवायचं नाही."

"मी स्वयंपाकी आहे, बाई. पहिलीत नाही."

"मग सोपं जाईल की!"

ओकुमुरासानचे कान लाल झाले. "मला... वाईट वाटलं. कारण सकाळपासून आळकुड्या सोलतोय, हात अजून खाजताहेत. मला हवंय की – निदान एक घास खाऊन तरी बघा."

"ऐकलं!" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला. ऐकणाऱ्यानं तसं म्हणायचं, हाही नियमच. मग युझुकी नावाच्या चिमुरडीनं एकटीनं तीन वाट्या चापल्या.

तेव्हापासून ओकुमुरासान दर शुक्रवारी वर्गात जेवायला येऊ लागले. पोरांसाठी, असं म्हणायचे. मिओरीला मात्र गुरुवारपासूनच शुक्रवारचे वेध लागायचे, आणि ते तिला कबूल करवत नव्हतं. फळ्याशेजारी मनाच्या हवामानाचा तक्ता होता – ऊन, ढग, पाऊस. रोज प्रत्येकानं आपलं चुंबक त्यावर लावायचं. बाईंचं वर्षभर उन्हातच! पोरांना मन मोकळं करायला शिकवणारी ही बाई, स्वतःची वेळ आली की तोंडाला कुलूप.

मार्चात तिच्या बदलीचं कळलं, लांब समुद्राकाठच्या शाळेत. बदल्यांची यादी जाहीर होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, हा कडक दंडक. दोन शुक्रवार ती त्यांच्या शेजारी बसून जेवली आणि गप्प राहिली. चुंबकही हललं नाही.

यादी सकाळच्या पेपरात छापून आली, शालेय वर्षाच्या शेवटच्या दिवशी. वर्गाचं दार पुन्हा सरकलं. या वेळी ओकुमुरासानच्या हातात पातेलं नव्हतं, पेपर होता. त्यांनी एक बिननावाचं चुंबक उचललं आणि पावसात लावलं.

"मला वाईट वाटलं. कारण तुम्ही जाताय हे मला पेपरात वाचावं लागलं. आणि मला हवंय की..."

पुढे गाडी हलेना.

"तिसरं! तिसरं!" पोरांनी गलका केला.

"सुचवू नका रे!" युझुकी दटावत म्हणाली.

मिओरी उठली. तिनं आपलं चुंबक उन्हातून काढलं आणि त्यांच्या चुंबकाला लागून लावलं.

"मला भीती वाटते. कारण तिथे शुक्रवार येईल, पण तुम्ही येणार नाही. मला हवंय... मला हवंय की तुम्ही रविवारी यावं. दर रविवारी. मला तुम्ही आवडता."

ओकुमुरासाननी पेपराची घडी घालून खिशात ठेवली.

"काका, 'ऐकलं' म्हणायचं असतं!" युझुकी कुजबुजली.

"ऐकलं," ते म्हणाले. "रविवारी तिकडे जाणारी पहिली बस सात-चाळीसला आहे. सकाळीच विचारून आलोय."